गेलेलं परत आणायची हत्यारं

९ ऑगस्ट

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जूनमध्ये आलं आणि उत्तर ऑगस्टमध्ये लिहितोय, त्याबद्दल रागावू नकोस. तीन वेळा लिहायला बसलो. पहिल्या वेळी पेन सापडलं नाही. दुसऱ्या वेळी सापडलं, पण 'दादा एकदाचा सुटला' हे तुझं वाक्य पुन्हा वाचलं आणि कागद कोराच राहिला. तिसऱ्या वेळेला कारण असं काही नव्हतं. माणूस उशीर करतो आणि मग उशीर झाला म्हणून आणखी उशीर करतो. फोन करावा तर मला फोनवर निम्मं कळतं आणि उरलेलं मी मनाने भरून काढतो. मागे तुझ्या आईशी बोललो आणि ती अंथरुणाला खिळली आहे अशी समजूत करून घेऊन दोन दिवस धड जेवलो नाही. नंतर कळलं, ती पडद्याचं कापड आणायला निघाली होती. म्हणून पत्रच बरं.

खुडबुड्याला जाऊन अडीच महिने होतील. बेचाळीस वर्षांच्या मुलाला मी शेवटपर्यंत खुडबुड्याच म्हणत राहिलो, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. तो कधी म्हणाला नाही की बाबा, आता नावाने हाक मारा.

दुकान उघडतो. टाइपरायटर दुरुस्तीला महिन्याकाठी एखादा येतो, तोही बहुतेक कुणाला शोभेला ठेवायचा असतो. खिडकीकडच्या बाजूला माझं टेबल, दाराकडच्या बाजूला त्याचं, तू बघितलं आहेस तसंच अजून आहे. त्याचा कॉम्प्युटर मी महिनाभर झाकून ठेवला होता. मग वाटलं, मशीन वापरात नसलं की आखडतं. म्हणून रोज तासभर लावू लागलो. आजारपणाच्या दिवसांत तो मला थोडंफार शिकवून गेला होता: लावायचा कसा, बंद कसा करायचा, त्याचं ते वेबसाइटचं पान कसं उघडायचं.

ते पान तुला माहीतच आहे. मला नव्हतं. अठरा वर्षं तो माझ्यापासून दहा फुटांवर बसून ते लिहीत होता आणि मी एकदाही वाचलं नव्हतं. मी म्हणायचो, दिवसभर त्या डब्यात तोंड घालून बसतोस, दोन शब्द बोलत नाहीस. आता वाचतो तर सगळं बोलणं तिथे. कॉम्प्युटरची हौस असलेल्यांसाठी फुकट मिळणारी टूलं, कामाच्या वेबसाइटी, आणि प्रत्येकाखाली त्याच्या दोन-तीन ओळी. फोटो लहान करायच्या टूलाखाली लिहिलंय, 'हे फुकट आहे आणि मध्येच तुमचं मशीन धोक्यात आहे असं ओरडत नाही.' जुन्या मशीनची माहितीपुस्तकं मिळतात त्या साइटीखाली, 'इथे सकाळी गेलात तर दुपारचं जेवण चुकेल.' टूलांना तो हत्यारं म्हणतो. तो माझा शब्द.

दर एक तारखेला तो प्रत्येक लिंक उघडून बघायचा. जी उघडत नाही तिच्यापुढे 'दुकान बंद' असं लिहायचा. ऑगस्टच्या एक तारखेला मी बसलो. तीनशे बारा लिंका. सकाळी नऊला सुरुवात केली, पाचला उठलो. सात दुकानं बंद निघाली. ती वहीत लिहून ठेवली आहेत, पानावर कशी लिहायची ते येत नाही.

एक विचारायचं होतं. शेजारच्या टेलरमास्तरांच्या कॉम्प्युटरवरून काही फायली गेल्या. एक आख्खा फोल्डर. साफसफाई करताना गेला म्हणतात. असं गेलेलं परत येतं का? त्यांना फार लागून राहिलंय. सवडीने कळव.

तुझा मामा

२१ ऑगस्ट

ती. मामांस नमस्कार.

तुमचं पत्र आलं आणि मी ते ऑफिसच्या जिन्यात उभ्याउभ्याच वाचलं. उशिराचं काही मनात आणू नका. 'सुटला' हा शब्द मीच चुकीचा लिहिला. लोक लिहितात म्हणून लिहिला.

तीनशे बारा लिंका एका दिवसात! दादा दोन दिवस घ्यायचा आणि त्यातला अर्धा वेळ त्या माहितीपुस्तकांच्या साइटीवर घालवायचा. तुमची सात बंद दुकानं मला कळवा, मी पानावर लिहिते. पासवर्ड माझ्याकडे आहे, दादाने गेल्या वर्षी एप्रिलमध्येच देऊन ठेवला होता. पानाची काळजी करू नका, ते चालू राहील. परवा एका शाळेतल्या बाईंचं पत्र आलं पानावर, की या माणसामुळे आमच्या शाळेतली अकरा जुनी मशीनं पुन्हा चालू झाली, त्यांना धन्यवाद सांगा. मी अजून उत्तर दिलं नाही.

इथे माझं नेहमीचंच. ग्रंथालयात चाळीस कॉम्प्युटर आणि सगळ्यांना एकाच वेळी ताप येतो. आमचे मोठे साहेब काल प्रिंटर चालत नाही म्हणून ओरडत आले. प्लग काढून तिथे त्यांनीच आपला फोन चार्जिंगला लावला होता.

टेलरमास्तरांना सांगा, आशा आहे. फाइल पुसली तरी लगेच नाहीशी होत नाही, मशीन फक्त तिची जागा रिकामी म्हणून मांडतं. दादाच्या पानावर 'गेलेलं परत आणायचं' असा भाग आहे, तिथे सहा हत्यारं आहेत. कुठलंही बसवून बघू देत. मापांच्या याद्याच असतील ना? नाही आल्या तर गिऱ्हाइकांना पुन्हा उभं करून मापं घ्यावी लागतील, आणि गिऱ्हाइकं आपापली पोटं बघून रडतील, एवढंच.

गुडघ्याला शेक देता का? आई विचारते.

तुमची ठकू

१२ सप्टेंबर

चि. ठकूस आशीर्वाद.

टेलरमास्तरांच्या दुकानात कॉम्प्युटर नाही. त्यांची मापं वहीत असतात. फोल्डर माझ्याकडून गेला.

आता सगळं लिहितो. आधीच लिहायला हवं होतं, पण म्हातारा वेड लागल्यासारखं काहीतरी करून बसला असं तुझ्या आईच्या कानावर जाईल, मग ती मला तिकडे न्यायच्या गोष्टी काढील, असं वाटलं.

जुलैमध्ये त्याच्या मशीनमध्ये बघता बघता एक फोल्डर दिसला. नाव होतं 'बाबांसाठी'. मराठीत लिहिलेलं. मी उघडला नाही. हात माउसवर होता, पण दाबलं नाही. जानेवारीत त्याने मला सांगितलं, डॉक्टर म्हणतात बरं होणारं नाही, आणि मे महिन्यात तो गेला. त्या चार महिन्यांत आम्ही औषधांचं बोललो, पथ्याचं बोललो, अंघोळीला पाणी किती गरम तेही बोललो. बाकी काही नाही. तर मला वाटलं, राहिलेलं त्याने इथे ठेवलं असणार. आणि ते वाचायला जरा बळ येऊ द्यावं. रोज मशीन लावायचो, फोल्डर आहे ना बघायचो आणि बंद करायचो. तेवढ्यावर माझं बरं चाललं होतं.

मग जुलैच्या शेवटी मशीन हळू चालायला लागलं. पानावर साफसफाईचं हत्यार आहे. माझा जन्म गेला मशीनं साफ करण्यात. टाइपरायटर आला की आधी ब्रश, मग रॉकेल, मग फुंकर, मगच दुरुस्ती. तेव्हा ते हत्यार चालवलं. त्यात इंग्रजीत एक यादी येते आणि प्रत्येक ओळीपुढे चौकोन. इंग्रजी अक्षरं मला डोळे मिटून येतात, चाळीस वर्षं ती बोटांखाली होती, पण शब्द येत नाहीत. मी सगळ्या चौकोनांत खूण केली. साफ करायचं तर पुरतं करायचं, कोपरे सोडायचे नाहीत, हे मीच त्याला शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी मशीन झरझर चालू लागलं आणि फोल्डर नव्हता.

तुझं पत्र आल्यावर जीवात जीव आला. सहा हत्यारांपैकी पहिलं बसवलं. त्याने शेकडो फायली काढून दिल्या, सगळ्या भलत्याच. तेव्हा दुसरं बसवलं. आमच्या धंद्यात एका पान्याने नट निघाला नाही तर दुसरा लावून बघतात, तो चुकीचा असला तरी नटाचं फार बिघडत नाही. अशी सहाच्या सहा बसवली. प्रत्येकाने जे काढून दिलं ते मी त्याच मशीनमध्ये ठेवत गेलो, पुढे निवडू म्हणून. दोन आठवडे गेले. आता मशीन म्हणतं जागा शिल्लक नाही. 'बाबांसाठी' कशातच नाही.

चौथं बसवून झाल्यावर त्या भागाखालच्या खुडबुड्याच्या ओळी मी शेवटपर्यंत वाचल्या. आधी वरचीच ओळ वाचली होती. त्याने खाली लिहिलंय, ज्या डिस्कवरून गेलं तिच्यावर काही बसवू नका. ते वाचूनही मी पाचवं आणि सहावं बसवलं. का ते विचारू नकोस. एवढं केलंय तर थांबून काय, असं काहीतरी डोक्यात होतं.

आणखी एक. पासवर्ड त्याने तुला एप्रिलमध्ये दिला हे वाचून वाईट वाटलं. मला द्यायला हवा होता असं नाही, मी त्याचं काय करणार? पण तो तुला विश्वासाचं समजत होता आणि मला सांगण्यासारखंसुद्धा नाही, एवढंच मनात आलं. म्हाताऱ्याचं मन, सोडून दे.

काय करू ते कळव.

मामा

१९ सप्टेंबर

ती. मामांस नमस्कार.

हे पत्र वाचून होण्याआधी मशीन बंद करा आणि भिंतीतला प्लग काढा. मग पुढचं वाचा.

आता ते लावू नका, बघण्यापुरतंसुद्धा नाही. मी टेलरमास्तरांच्या दुकानाच्या नंबरवर दोनदा फोन केला होता, ते म्हणाले मामा कॉम्प्युटरवर बसलेत, हाक ऐकत नाहीत. मशीन बंद करायचा निरोप दिलाय, पण तो पोचेल याचा भरवसा नाही.

डब्याची एक बाजू दोन स्क्रूंवर निघते. आत हाताच्या पंजापेक्षा थोडी लहान, चपटी धातूची पेटी आहे, चार स्क्रूंवर बसवलेली, तिला दोन वायरी. वायरी ओढायच्या नाहीत, जिथे जोडलेल्या तिथे धरून सरळ मागे घ्यायच्या. तुम्हाला हे मी सांगावं म्हणजे गंमतच आहे. ती पेटी म्हणजे हार्ड डिस्क. कापडात नीट गुंडाळून मला कुरियरने पाठवा. मी आधी तिची जशीच्या तशी नक्कल काढीन आणि नकलेवर काम करीन, म्हणजे आणखी काही बिघडणार नाही.

चूक तुमची एकट्याची नाही. तुमचं आहे हे कळलं असतं तर मी 'कुठलंही बसवून बघू देत' असं लिहिलंच नसतं. टेलरमास्तरांच्या मापांचं आहे म्हणून मी हसत हसत लिहिलं.

तुमची ठकू

६ ऑक्टोबर

चि. ठकूस आशीर्वाद.

डिस्क काल पाठवली. सहाही स्क्रू एका डबीत घालून त्याच्या खणात ठेवले आहेत. आधी मऊ फडकं, मग स्पंजचा तुकडा, मग टाइपरायटरच्या जुन्या झाकणाचा कापून केलेला पत्रा, मग पुठ्ठा, मग पुन्हा फडकं. कुरियरवाली मुलगी म्हणाली, आजोबा, आत काय आहे? मी म्हणालो, सुटा भाग आहे. ती म्हणाली, काच आहे का? मी म्हणालो, काच असती तर एवढं बांधलं नसतं.

पोचली का? पावतीवरचा नंबर टेलरमास्तरांच्या मुलीने फोनवर तपासून दिला. 'वाटेत आहे' असं येतं. चार तासांनी पुन्हा तपासायला सांगितलं तर तेच. ती मुलगी आता मला बघून आत जाते.

तू शोधशील तेव्हा काय शोधायचं ते तुला माहीत असावं म्हणून लिहितो. मला वाटतं पत्र असेल. कदाचित त्याने बऱ्याच गोष्टींचा राग धरला असेल आणि तो लिहिला असेल. कॉम्प्युटर आले आणि माझा धंदा बसला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि त्याला त्याच कामाची ओढ. मी त्याला म्हणालो होतो, तू बापाच्या पोटावर पाय देणाऱ्यांची हमाली करणार. पुढे वीस वर्षं त्याच डब्यांच्या दुरुस्तीवर घर चाललं, आणि मी ते वाक्य परत घेतलं नाही. घ्यायचं होतं. आज घेऊ उद्या घेऊ करत राहिलं.

तसं काही असेल तर तू आधी वाचलंस तरी चालेल. गाळू मात्र नकोस.

टेबल आता रिकामं दिसतं. डबा आहे, पण आत काही नाही हे माहीत असलं की तसाच दिसतो.

पोचल्याचं कळव.

मामा

२ नोव्हेंबर

ती. मामांस नमस्कार.

डिस्क दहा तारखेलाच पोचली होती. कळवायला इतका उशीर केला, कारण मला 'पोचली' एवढंच लिहायचं नव्हतं. रोज वाटायचं, उद्या काहीतरी हाती लागेल आणि मग लिहीन. ऑफिस सुटल्यावर इथल्या दोन सहकाऱ्यांनीही बसून बघितलं. त्यातले एक गृहस्थ हेच काम करत आलेत, मी मी म्हणणाऱ्यांनी हात टेकलेल्या डिस्का त्यांनी जिवंत केल्यात. त्यांचंही तेच म्हणणं पडलं.

मामा, फायली परत आलेल्या नाहीत आणि येणार नाहीत. त्या जिथे होत्या तिथे दुसऱ्या गोष्टी लिहिल्या गेल्या आहेत. एवढी साधी वाक्यं लिहायला मला तीन आठवडे लागले.

पण डिस्कमध्ये फायलींची यादी वेगळ्या जागी असते, पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी. ती बरीचशी शाबूत आहे. म्हणून नावं आणि तारखा मिळाल्या. आत पत्र नव्हतं. राग नव्हता. त्रेचाळीस आवाजाच्या फायली होत्या, दादाच्या फोनवरून घेतलेल्या. मशीनमध्ये घेतलं की फोनवरचं तो पुसून टाकायचा, त्यामुळे तिथेही त्या नाहीत. फोनवरून आलेलं मशीनमध्ये ज्या फोल्डरात पडतं तिथेच त्याने ते ठेवलं होतं, आणि साफसफाईच्या यादीत त्या फोल्डराचाही एक चौकोन असतो. तो दुकानात तुमच्याशी बोलत असताना फोन टेबलावर चालू ठेवत असणार. मला एकदा म्हणाला होता, बाबांशी गप्पा साठवतोय. मी विचारलं, कशाला? म्हणाला, त्यांनाच ऐकवायला.

पहिली फाइल गेल्या वर्षीच्या १९ एप्रिलची आहे, शेवटची या वर्षीच्या ७ मेची. सगळी नावं वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडली आहेत, त्याने दिलेल्या नंबरांसह. काही इथे उतरवते, कारण ती मी इतक्यांदा वाचली आहेत की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

०१ रिबन कशी बदलायची
०२ रिबन पुन्हा, कारण मी मध्ये बोललो
०८ बाबा चिडले
१४ स्प्रिंग हरवली, पंधरा मिनिटं शोध
१९ मी नापास झालो तेव्हाचं
२३ कुणीच बोलत नाही, नुसतं दुकान
२७ बाबा गुणगुणतात, त्यांना माहीत नाही
३१ सांगायचं होतं, बाबा चहा टाकायला उठले
३२ पुन्हा प्रयत्न
३३ राहू दे

त्रेचाळिसाव्याला नाव नाही, नुसती तारीख आहे.

डिस्क मी जपून ठेवली आहे. परत पाठवू का? आई म्हणते, काही दिवस इकडे या. मी आग्रह करत नाही, फक्त निरोप देते.

तुमची ठकू

२४ नोव्हेंबर

चि. ठकूस आशीर्वाद.

यादी मिळाली. पहिले दोन दिवस ती खणात ठेवली. पण मागच्या वेळी असंच न उघडता ठेवलं आणि काय झालं ते आठवलं, म्हणून तिसऱ्या दिवशी बाहेर काढली.

बरीच नावं मला ओळखू येतात. रिबनचं आठवतं. त्याने लहानपणापासून शंभरदा बघितलेलं काम तो मला पुन्हा विचारत होता आणि मी म्हणालो, इतकी वर्षं काय डोळे मिटून बसला होतास? तो हसला आणि म्हणाला, तुम्ही सांगा तर. चौदाव्यातली स्प्रिंग माझ्याच बाहीच्या दुमडीत निघाली होती. आठव्यात मी कशावरून चिडलो ते सांगता येणार नाही, कारण मी रोजच चिडायचो. गुणगुणायचं खरंच मला माहीत नव्हतं. टेलरमास्तरांना विचारलं, तर म्हणाले, अहो, आम्ही त्यावरून तुम्ही दुकानात आहात की नाही ते ओळखायचो. कितीएक महिने ऐकू आलं नाही म्हणाले.

माझं बोलणं गेलं त्याचं मला काही नाही. ते मी पुन्हा बोलू शकतो, कुणी ऐकायला बसलं तर. त्याने मध्ये मध्ये जे विचारलं असेल ते गेलं. मला कमी ऐकू येतं म्हणून तो मोठ्याने विचारायचा आणि मी म्हणायचो, ओरडतोस कशाला. त्याचे मोठे हेडफोन इथेच आहेत. ते लावले की मला चांगलं ऐकू येतं. म्हणजे ऐकू आलं असतं.

पानासाठी एक मजकूर पाठवतोय. 'गेलेलं परत आणायचं' या भागात, सहा हत्यारांच्याही वर, अगदी पहिल्या ओळीत तो टाक. खाली असला की घाईतला माणूस वाचत नाही. मजकूर असा: 'काही पुसलं गेलं असेल तर मशीन ताबडतोब बंद करा. त्याच मशीनवर काही बसवू नका, काही साठवू नका. जाणकाराला खरं काय झालं ते सांगा, शेजाऱ्याचं म्हणून सांगू नका. मी या तिन्ही चुका केल्या. हे पान लिहिणाऱ्याचा बाप.' शब्द सुधारू नकोस. त्या शाळेतल्या बाईंना उत्तर मीच लिहीन, त्यांचा पत्ता दे. अकरा मशीनं कुठली होती तेही विचारायचंय.

आता एकतिसावं.

ते मला नीट आठवतं. यादीवर तारीख गेल्या वर्षीच्या डिसेंबरची आहे. त्याने आपली खुर्ची माझ्या टेबलाजवळ आणली. तो कधी खुर्ची उचलायचा नाही, चाकं असलेल्या खुर्चीवरून तसाच सरकत यायचा. त्या दिवशी उचलून आणली आणि समोर ठेवली. बसला. 'बाबा, एक सांगायचं होतं' एवढं म्हणाला. ठकू, मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं. काय ते नाही कळलं, पण जे आहे ते मला ऐकायचं नाही हे कळलं. आणि मी म्हणालो, थांब, चहा टाकतो. चहाची वेळ नव्हती. आम्ही नुकताच घेतला होता. मी आत जाऊन पातेलं ठेवलं आणि उकळून उकळून निम्मं होईपर्यंत तिथेच उभा राहिलो. बाहेर आलो तर तो आपल्या टेबलावर गेला होता.

बत्तिसावं मला आठवत नाही. दहा दिवस हेच चाललंय. त्याने पुन्हा प्रयत्न केला आणि तेव्हा मी काय केलं? बाहेर गेलो? गिऱ्हाईक आलं म्हणून निसटलो? की ऐकू आलं नाही असं दाखवलं? तेही मी करतो, तुला माहीत नसेल. जानेवारीत त्याने शेवटी सांगितलं तेसुद्धा दवाखान्याचा कागद माझ्यापुढे ठेवून. तेव्हा वाटलं होतं, किती कोरडेपणाने सांगतोय.

आणि पहिली फाइल एप्रिलची. पासवर्ड तुला दिला तोही त्याच एप्रिलमध्ये. मागे मी लिहिलं होतं की त्याचा तुझ्यावर विश्वास होता आणि माझ्यावर नाही. तसं नव्हतं. त्याला एप्रिलमध्ये कळलं होतं आणि त्याच महिन्यात तो आवराआवरीला लागला. पान तुझ्याकडे दिलं आणि माझ्यासाठी फोन टेबलावर ठेवायला लागला. म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं. एवढ्या पत्रांत तू ते लिहिलं नाहीस.

रागावलो नाही. त्याने तुझ्याकडून शब्द घेतला असेल, बाबांना सांगू नकोस, ते घाबरतात म्हणून. मी घाबरतो हे खरंच आहे. तू शब्द पाळलास, बरं केलंस. पण आता ज्याला दिला तो नाही, आणि ज्याच्यापासून लपवायचं होतं त्याला कळलं आहे.

तेव्हा मला लिही. एप्रिलमध्ये त्याने तुला कसं सांगितलं, काय शब्द होते, फोनवर की पत्राने, आवाज कसा होता, मध्ये हसला का. माझ्याबद्दल काही म्हणाला असेल तर तेही. मऊ करून लिहू नकोस आणि 'सुटला'सारखं काही लिहू नकोस. तो बोलला असेल तसं. जे त्याला डिसेंबरमध्ये माझ्यासमोर खुर्ची ठेवून सांगायचं होतं ते तुझ्याखेरीज कुणाजवळ नाही.

फोन करू नकोस, निम्मं माझ्या मनाचंच होईल. कागदावर लिही. वाचता वाचता मी मध्येच उठलो, आत जाऊन उभा राहिलो, तरी कागद टेबलावर असतो. परत आलो की वाचता येतो.

पोस्टमन अकराच्या सुमाराला येतो. मी साडेदहापासून दारात असतो. फार दिवस लावू नकोस, दोन ओळी जमल्या तर दोनच ओळी आधी पाठव.

तुझा मामा